जुनी चारचाकी घेताय? विसार देण्याआधी हा हिशेब मांडा

अहिल्यानगर : उसाचं बिल जमा झालं, कांद्याची पट्टी बरी आली की गावोगाव जुन्या गाडीची चौकशी सुरू होते. घरात म्हातारी माणसं असली आणि दवाखाना तालुक्याला असला, तर चारचाकी ही नुसती हौस राहत नाही. पण दहा-बारा वर्षं वापरलेल्या गाडीला किती पैसे द्यायचे, इथेच गफलत होते. गाडी चकाचक दिसते, विसार दिला जातो आणि नंतर गॅरेजच्या फेऱ्या सुरू होतात.

हिशेब साधा आहे. चांगल्या स्थितीतल्या तशाच गाडीचा चालू भाव धरायचा आणि त्यातून लगेच करावा लागणारा खर्च वजा करायचा.

चालू भाव कसा काढायचा?
तेच मॉडेल, तेच साल, तेच इंधन अशा पाच-सहा गाड्यांच्या ऑनलाइन जाहिराती बघाव्यात. जाहिरातीतला आकडा मालकाने मागितलेला असतो, सौदा त्याच्या खालीच होतो. ओळखीच्या मेस्त्रीला विचारलं तर खरा भाव कळतो. 'विम्याच्या कागदावर एवढी किंमत आहे' असं सांगितलं जातं, त्यावर जाऊ नये. पाच वर्षांपर्यंतच घसाऱ्याचा ठरलेला तक्ता आहे. त्यापुढे कंपनी आणि मालक मिळून किंमत ठरवतात.

पासिंग किती उरलं?
खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून दर 5 वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. कारसाठीची ही फी 1 एप्रिल 2022 पासून 600 वरून 5000 रुपये झाली. 20 वर्षांवरच्या कारसाठी ऑगस्ट 2025 मध्ये ती 10 हजार झाली. पर्यावरण कर वेगळा. म्हणून पुढच्या वर्षी पासिंग संपणारी आणि पाच वर्षं पासिंग उरलेली, या दोन गाड्यांचा भाव एक नसतो.

दिल्लीकडे जुन्या डिझेल-पेट्रोल गाड्यांवर बंधनं आल्याने तिकडची गाडी स्वस्तात मिळते असं सांगितलं जातं. पण तिथली एनओसी, महाराष्ट्राचा कर आणि नगर (एमएच 16) किंवा श्रीरामपूर (एमएच 17) आरटीओचा नवा नंबर, हा सगळा खर्च धरून मगच स्वस्त की महाग ते ठरवावं.

गाडी बघताना
- सकाळी, इंजिन थंड असताना जावं. आधीच चालू करून ठेवू नका, असं मालकाला सांगावं. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. गरम झाल्यावरही पांढरा धूर येत असेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल, तर इंजिनचं मोठं काम निघू शकतं.
- टायरवर चार आकडे असतात. 3219 म्हणजे 2019 च्या 32 व्या आठवड्यातला टायर. नक्षी चांगली असली तरी जुना टायर बदलण्याच्या खर्चातच धरावा.
- मीटरवर 60 हजार आणि पेडलचं रबर, स्टिअरिंग पार गुळगुळीत, असं असेल तर सर्व्हिसचे कागद मागावेत.
- ऑगस्ट 2019 च्या सांगली-कोल्हापूर आणि जुलै 2021 च्या चिपळूणच्या पुरात अनेक गाड्या बुडाल्या. अशी गाडी ओळखायला सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून चिखलाचे डाग बघावेत. मॅट उचलून गंज आणि कुबट वास तपासावा.
- सीएनजी किट आरसीवर चढलेलं हवं. टाकीची तपासणी दर 3 वर्षांनी लागते.
- पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल असतं. जुन्या गाडीचे इंधनाचे रबरी पाइप मेस्त्रीकडून बघून घ्यावेत.

कागद
एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून आरसी, विमा, बँकेचा बोजा आणि थकीत चलन बघावं. चेसिस नंबर आरसीशी जुळवावा. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. नाव बदलीसाठी फॉर्म 29 आणि 30 लागतात. विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. विमाही 14 दिवसांत नावावर करावा. आपल्या गाडीचं नुकसान झालं तर भरपाई अडू शकते. नाव बदली लांबवणं विकणाऱ्यालाही महागात पडतं. आरसीवर ज्याचं नाव, तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार, असं सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये स्पष्ट केलं आहे.

आकड्यांत बघू
समजा, चांगल्या गाडीचा चालू भाव 1 लाख 80 हजार आहे. बघितलेल्या गाडीला चार टायर 16 हजार, क्लच 9 हजार, बॅटरी 5 हजार आणि थकीत चलन 3 हजार, असा 33 हजारांचा खर्च आहे. उरले 1 लाख 47 हजार. न दिसलेल्या कामासाठी 15 हजार बाजूला ठेवले, तर 1 लाख 32 हजार ही आपली हद्द. (आकडे फक्त समजण्यासाठी आहेत, आपल्या गाडीचे मेस्त्रीकडून काढावेत.)

ही हद्द घरीच कागदावर लिहून मग बोलणीला बसावं. मालक त्याच्या खाली येत नसेल तर चहा घ्यावा आणि उठावं. 'दुसरं गिऱ्हाईक संध्याकाळी येतंय' म्हणून घाईत विसार देऊ नये. गाडी दुसरी मिळते, घातलेले पैसे परत निघत नाहीत.