ज्याचा त्याचा खुंटा

पौष पौर्णिमेला म्हशाला जाऊन आलो. खांबलिंगेश्वराचं दर्शन झालं, बैलबाजार पाहिला. रात्री ओटीवर चुलत भावाने विचारलं, "दादा, त्या सर्व्हरचं काय ठरलं?"

नात्यातल्या मंडळींना माहीत आहेच, बाकीच्यांसाठी सांगतो. काकांचे दहा वर्षांचे विरोप एका फुकट सेवेच्या खात्यात होते. खातं बरेच महिने कुणी उघडलं नाही म्हणून ते रिकामं केलं गेलं. काका आता नाहीत. तेव्हा ठरलं, घरातल्या बारा जणांचं टपाल आपण आपल्याच सर्व्हरवर ठेवायचं. प्रश्न एवढाच होता, पोस्टफिक्स आणि डव्हकॉट थेट यंत्रावर बसवायचे की कंटेनरमध्ये?

कंटेनर म्हटलं की २०१३ सालचं डॉकर आठवतं. पण वेगळ्या कप्प्यांची कल्पना टपालवाल्यांना जुनीच आहे.

आपल्याकडे १९८७ साली जुहूची एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात टेलिफोनवरून विरोप जाऊ लागले. पुढच्याच वर्षी, २ नोव्हेंबर १९८८ ला, अमेरिकेत मॉरिसचा किडा सुटला. त्याची एक वाट होती सेंडमेल. हा एकच अवाढव्य प्रोग्राम टपाल घ्यायचा, वाटायचा, आणि यंत्राचे सगळे अधिकार त्याच्या हाती. त्यात चाचणीसाठी ठेवलेली एक खिडकी उघडी राहिली होती, किडा तिथून आत शिरला.

पुढे डॅनियल बर्नस्टीन यांनी क्यूमेल आणि वित्से व्हेनेमा यांनी १९९८ साली पोस्टफिक्स आणला. घेणारा वेगळा, वाटणारा वेगळा, प्रत्येकाला कामापुरतेच अधिकार. शिवाय १९७९ च्या युनिक्समधल्या 'क्रूट'ने त्यातल्या बहुतेकांना एकेका फोल्डरात कोंडता येतं. बैलबाजारात असतो ना, तसा ज्याचा त्याचा खुंटा. एक बैल उधळला म्हणून अख्खा बाजार उधळत नाही.

म्हणजे पोस्टफिक्स आधीच कप्प्यांत राहतो. मग वर आणखी कंटेनर कशाला?

मी करून पाहिलं आणि फसलोही. डॉकरच्या जाळ्यातून येणारा परका कधीकधी आतल्याच पत्त्यावरून आल्यासारखा दिसतो. मी पोस्टफिक्सला ते आतलं जाळं विश्वासाचं म्हणून सांगून ठेवलं होतं. झालं! एका रात्रीत आमच्या सर्व्हरवरून जगभर जाहिराती गेल्या आणि आमचा पत्ता काळ्या यादीत. चूक माझीच. पत्ता नीट ठेवणं, उलट नोंद करणं, २५ क्रमांकाचं दार उघडून घेणं, यातलं काहीच कंटेनर करत नाही. पत्रंही कंटेनरबाहेरच्या व्हॉल्यूममध्येच असतात, बॅकअप त्याचाच घ्यायचा.

तरीही कंटेनरच ठेवतोय. सुरक्षेसाठी नाही, ते काम पोस्टफिक्स पूर्वीपासून करतो. माझ्या डोक्यातली सगळी मांडणी एका लहानशा फाईलमध्ये उतरते, म्हणून. ती फाईल आणि पत्रांची प्रत हाती असेल तर उद्या मी नसताना भावाला दुसऱ्या यंत्रावर सगळं पुन्हा उभं करता येईल. काकांच्या खात्याचा परवलीचा शब्द तेवढा काकांनाच माहीत होता.

असो. सर्व्हर भाड्याच्या यंत्रावर आहे, म्हशाच्या घरची वीज पावसाळ्यात भरवशाची नसते. पत्रांची एक प्रत मात्र तिथल्या कपाटात ठेवून आलोय. फाईल भावाला दिली आहे. येत्या रविवारी त्याने माझ्या मदतीशिवाय सर्व्हर उभा करून दाखवायचा आहे.