संमतिवयाचा वाद : भाषा, श्रद्धा आणि लोकमताची फाळणी

इ. स. १८९१ च्या जानेवारी महिन्याच्या ९ तारखेस कलकत्ता येथे व्हाइसरॉयच्या कायदे कौन्सिलात सर अँड्र्यू स्कोबल यांनी जे बिल मांडले, त्याचा मजकूर अत्यंत आटोपशीर होता. १८६० च्या दंडसंहितेप्रमाणे दहा वर्षांखालील मुलीशी, मग ती विवाहित पत्नी का असेना, समागम करणे हा गुन्हा ठरत होता. ही मर्यादा दहावरून बारावर न्यावी, एवढाच त्याचा आशय. विवाहाच्या वयास या बिलाने हात लावलेला नव्हता. विधवाविवाह, वारसा, जातिव्यवहार यांपैकी कशाचाही त्यात उल्लेख नव्हता. १९ मार्च रोजी ते संमत झाले. जेमतेम दहा आठवड्यांचा हा काळ. परंतु या दहा आठवड्यांत पुणे, मुंबई आणि कलकत्ता येथील सुशिक्षित समाज असा दुभंगला, की त्या भेगेच्या खुणा पुढील पिढीच्या राजकारणातही पुसल्या गेल्या नाहीत. प्रश्न एवढासा आणि फाळणी एवढी मोठी, हे प्रमाण कसे जमले? त्याचे उत्तर कायद्याच्या कलमांपेक्षा त्या वादात वापरल्या गेलेल्या शब्दांत अधिक सापडते.

वादाची पार्श्वभूमी थोडक्यात अशी. १८८४ मध्ये बेहरामजी मलबारी यांनी बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य या विषयांवरील आपली टिपणे प्रसिद्ध केली. लॉर्ड रिपन यांच्या सरकारने ती प्रांतिक सरकारांकडे व जाणत्या लोकांकडे अभिप्रायासाठी पाठविली. पण कायदा करण्याचे सरकारने त्या वेळी टाळले. त्याच सुमारास मुंबई हायकोर्टात दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई हा खटला उभा राहिला. अजाणत्या वयात झालेल्या विवाहाच्या आधारावर पतीकडे नांदावयास जाण्याचे रखमाबाईंनी नाकारले. न्यायमूर्ती पिन्हे यांनी १८८५ मध्ये पतीचा दावा फेटाळला. अपिलात तो निकाल फिरला आणि १८८७ मध्ये रखमाबाईंना नांदावयास जाणे अथवा सहा महिन्यांचा कारावास यांपैकी एकाची निवड करण्यास सांगण्यात आले. १८८८ मध्ये हे प्रकरण पैशाच्या तडजोडीने मिटले. पुढे १८९० मध्ये कलकत्त्यास फुलमणी दासी या दहा-अकरा वर्षांच्या मुलीचा पतीच्या समागमामुळे मृत्यू झाल्याचा खटला चालला. मुलीने दहावे वर्ष ओलांडलेले असल्याने बलात्काराचे कलम लागू होऊ शकले नाही आणि पतीला एक वर्षाच्या सक्तमजुरीवर सुटका मिळाली. कायद्यातील ही उणीव इतक्या भयंकर रीतीने उघड झाल्यावर दुरुस्तीचे बिल येणे क्रमप्राप्तच होते.

या टप्प्यावर लोकमत दुभंगलेले नव्हते, ते अनेकपदरी होते, ही गोष्ट ध्यानात ठेवणे अवश्य आहे. मलबारी आणि आगरकर यांना कायदा हवा होता, आणि तो मानवी न्यायाच्या पायावर हवा होता. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनाही तो हवा होता. मात्र तो शास्त्राशी विसंगत नाही, असे लोकांना पटवून देण्यावर त्यांचा भर होता. काशिनाथ त्रिंबक तेलंग यांची भूमिका तर आजच्या सरधोपट वर्गीकरणात मुळीच बसत नाही. सामाजिक सुधारणा राजकीय सुधारणेच्या आधी झालीच पाहिजे असे नाही, असे प्रतिपादन त्यांनी १८८६ च्या व्याख्यानात केले होते. तरीही संमतिवयाच्या बिलाला त्यांनी पाठिंबा दिला. उलट बाजूस बाळ गंगाधर टिळक यांचा बिलाला कडवा विरोध होता. परंतु १८९० मध्ये त्यांनीच सुधारकांपुढे ज्या पर्यायी सूचना ठेवल्या, त्यांत मुलीचा विवाह सोळाच्या आत व मुलाचा विसाच्या आत करू नये, चाळिशीनंतर पुरुषाने विवाह करू नये, करावयाचाच झाल्यास विधवेशी करावा, अशी कलमे होती. हे निर्बंध, ज्यांना सुधारणा हवी असेल त्यांनी आधी स्वतःवर लादून घ्यावेत, परक्या सरकारकडे कायदा मागू नये, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा. सोळा वर्षांची मर्यादा सुचविणारा मनुष्य बारा वर्षांच्या मर्यादेला विरोध करतो, यात वरवर विसंगती दिसते. ती विसंगती नाही. येथे वय हा प्रश्न नसून अधिकार हा प्रश्न आहे. किमान चार भूमिका त्या वेळी अशा प्रकारे स्पष्टपणे मांडता येत होत्या.

धार्मिक बाजूनेही खऱ्या चर्चेला वाव होता. सोळा संस्कारांपैकी गर्भाधान हा एक. प्रथम ऋतुदर्शनानंतर तो तत्काळ केलाच पाहिजे, आणि काही मुलींना बाराव्या वर्षाच्या आत ऋतुप्राप्ती होते, म्हणून हा कायदा धर्मकृत्याच्या आड येतो, असा विरोधकांचा मुख्य आक्षेप. बंगालमध्ये स्मृतिकार रघुनंदन यांच्या मताला असलेल्या प्रामाण्यामुळे तेथे तो अधिक तीव्रतेने मांडला गेला. कौन्सिलमध्ये सर रमेशचंद्र मित्र यांनी बिलास विरोध केला, तर मुंबई इलाख्यातील रावबहादूर कृष्णाजी लक्ष्मण नूलकर यांनी पाठिंबा दिला. भांडारकरांनी १८९१ मध्ये काढलेल्या पुस्तिकेत स्मृतिवचने आणि निबंधग्रंथ तपासून असे दाखविले, की प्रथम ऋतूच्या वेळीच समागम व्हावा, असा अनुल्लंघनीय विधी शास्त्रात नाही. 'केसरी'ने त्यांच्या वचनार्थाचे खंडन केले. वचने, पाठभेद, अर्थनिर्णय या पातळीवर हा वाद राहिला असता, तर तो विद्वानांचा वाद झाला असता आणि कदाचित काही निष्पन्नही झाले असते. तसे घडले नाही.

घडले ते असे, की चर्चेतील शब्दांचे आकार बदलले. 'गर्भाधानाचा काल' या मर्यादित विषयाची जागा 'धर्म' या एका शब्दाने घेतली. कोणता धर्म, कोणत्या प्रांताचा, कोणत्या जातीचा, कोणत्या ग्रंथाने सांगितलेला, हे प्रश्न त्या एकवचनी शब्दाखाली झाकले गेले. 'दुरुस्ती' हा कायद्यातला थंड शब्द. त्याच्या जागी 'घाला', 'हस्तक्षेप', 'धर्म बुडाला' अशी भाषा आली. १ नोव्हेंबर १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यात प्रजेच्या धर्मसमजुतींत ढवळाढवळ न करण्याचे अभिवचन होते; त्याचा आधार घेऊन बिल म्हणजे वचनभंग, असे सांगण्यात आले. अशा रीतीने धर्मनिष्ठा आणि राजकीय स्वाभिमान या दोन वेगळ्या भावना एका शब्दात सांधल्या गेल्या. त्यानंतर बिलाला पाठिंबा देणारा मनुष्य केवळ चुकीच्या मताचा राहिला नाही. तो धर्मद्रोही आणि सरकारचा हस्तक असा दुहेरी अपराधी ठरला. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या 'निबंधमाले'ने १८७४ पासून मराठी गद्याला जी उपरोधाची धार दिली होती, तिचा वारसा दोन्ही बाजूंच्या पत्रांकडे आला होता. युक्तिवाद हरला तरी उपहास जिंकतो, हे त्या शैलीचे सामर्थ्य होते आणि तोच तिचा धोकाही होता. पुण्यात क्रीडाभुवनातील बिलसमर्थकांची सभा विरोधकांनी उधळून लावली, तोवर उत्तर देण्याची गरजच उरली नव्हती. आगरकरांची तर हयातीतच प्रेतयात्रा काढण्यात आली.

परंतु हा दोष एकाच बाजूच्या पदरात टाकणे इतिहासास धरून होणार नाही. सुधारकांची भाषाही निर्विष नव्हती. विरोधक म्हणजे अडाणी, स्वार्थी अथवा निर्दय, हे गृहीत धरूनच त्यांतील अनेकांचे लेखन चाले. त्यातच अँग्लो-इंडियन पत्रांनी या प्रश्नाचा उपयोग वेगळ्याच कामासाठी केला : जो समाज आपल्या मुलींना असे वागवतो, तो राजकीय हक्कांस पात्र कसा, असा सूर त्यांनी लावला. 'सभ्यता' हा शब्द त्यांच्या लेखणीत तितकाच भारलेला होता, जितका विरोधकांच्या लेखणीत 'धर्म'. या लेखनामुळे टिळकांच्या आक्षेपाला सबळ आधार मिळाला. ज्या कौन्सिलमध्ये लोकांनी निवडून दिलेला एकही प्रतिनिधी नाही, तिने घरगुती आयुष्याचे नियम ठरवावेत काय, हा प्रश्न खोटा नव्हता. मात्र प्रत्येक बाजूने दुसऱ्या बाजूतील सर्वांत भडक आवाज हाच तिचा खरा आवाज मानला. तेलंगांसारखे मधले आवाज दोन्हीकडून ऐकू येईनासे झाले.

उच्चारलेली श्रद्धा आणि आचरलेली श्रद्धा यांच्यात या काळात केवढे अंतर होते, हे त्याच सुमारास घडलेल्या पंचहौद मिशनच्या चहाच्या प्रकरणातून दिसते. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या त्या मिशनमध्ये व्याख्यानानिमित्त जमलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे 'पुणे वैभव' पत्रातून प्रसिद्ध करविली आणि एकच गहजब उडाला. त्या यादीत रानडे होते, तसेच टिळकही होते. म्हणजे आचाराच्या कसोटीवर पाहता सुधारक आणि सुधारणाविरोधक एकाच टेबलाशी बसलेले होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी झाली. टिळकांनी काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले आणि रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेऊन आपल्याच अनुयायांचा रोष पत्करला. दोघांनीही प्रायश्चित्ताचा मार्ग स्वीकारला, दोघांनाही जातीपासून तुटावयाचे नव्हते. तरीही लोकांच्या मनात एक धर्मरक्षक राहिला आणि दुसरा धर्मबुडवा. आचाराने जे भेद पडत नव्हते, ते नावांनी पाडले.

या गदारोळात दोन गोष्टी नजरेआड झाल्या. पहिली म्हणजे 'हिंदू लोकमत' या नावाखाली जे बोलले जात होते, ते प्रामुख्याने शहरांतील उच्चवर्णीय पुरुषांचे मत होते. महात्मा फुले यांनी मलबारींच्या टिपणांवर १८८४ मध्येच आपले मत नोंदविले होते; पण २८ नोव्हेंबर १८९० रोजी, बिल येण्यापूर्वीच, त्यांचे निधन झाले. ज्या जातींत पाटाची चाल होती, त्यांचे विवाहविषयक व्यवहार गर्भाधानाच्या शास्त्रार्थात कोठेच उमटले नाहीत. दुसरी गोष्ट अधिक गंभीर : ती मुलगीच चर्चेतून नाहीशी झाली. येथे काम करणाऱ्या स्त्री-डॉक्टरांनी आपल्या रुग्णालयांतील प्रत्यक्ष प्रकरणे नोंदवून व्हाइसरॉयकडे अर्ज केला होता. त्या नोंदी वादातला सर्वांत ठोस पुरावा होत्या. परंतु वचनांच्या आणि विशेषणांच्या देवघेवीत त्यांना स्थान मिळाले नाही. दहा वर्षांच्या देहावर काय गुदरते, या प्रश्नाने सुरू झालेला वाद राष्ट्र कोणाचे आणि धर्म कोणाचा, या प्रश्नांवर येऊन ठेपला.

परिणाम दूरवर पोहोचले. कलकत्त्याच्या 'बंगवासी' पत्राने बिलाविरुद्ध लिहिलेल्या लेखांवरून १८९१ मध्येच त्याच्या चालकांवर राजद्रोहाचा खटला भरण्यात आला. १८७० मध्ये दंडसंहितेत घातलेल्या १२४ अ या कलमाखालील तो पहिला खटला. ज्यूरीचे एकमत झाले नाही आणि माफीनंतर तो काढून घेण्यात आला. पण सरकारच्या हाती एक शस्त्र आले. सहा वर्षांनी, १८९७ मध्ये, त्याच कलमाखाली टिळकांना मुंबईत अठरा महिन्यांची शिक्षा झाली. त्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी 'अप्रीती' म्हणजे प्रीतीचा अभाव, इतका व्यापक अर्थ लावला. शब्द ताणून वापरण्याची कला आता न्यायासनानेही आत्मसात केली होती. इकडे १८९५ मध्ये पुण्यास काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा तिच्या मंडपात सामाजिक परिषद भरवू देण्यास इतका कडवा विरोध झाला, की मंडप जाळण्याच्या धमक्यांपर्यंत मजल गेली आणि रानड्यांना परिषद अन्यत्र भरवावी लागली. राजकीय आणि सामाजिक सुधारणा एकाच मंडपात नांदण्याची परंपरा तेथे खंडित झाली.

आणि ज्या कायद्यासाठी हे सर्व झाले, त्याचे काय? १९२५ मध्ये पत्नीसाठी ही मर्यादा तेरावर नेण्यात आली. १९२८ मध्ये सर मोरोपंत जोशी यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या संमतिवय समितीने देशभर साक्षी घेतल्या आणि १९२९ च्या अहवालात नोंदविले, की असा कायदा अस्तित्वात आहे याची लोकांना जवळजवळ जाणीवच नाही. ज्याने धर्म बुडेल असे एका बाजूने सांगितले आणि ज्याने मुली वाचतील असे दुसऱ्या बाजूने सांगितले, तो कायदा अडतीस वर्षांनंतर बहुतेकांना ठाऊक नव्हता. धर्म बुडाला नाही. मुलीही फारशा वाचल्या नाहीत. त्याच वर्षी शारदा कायद्याने प्रथमच विवाहाचे किमान वय, मुलीस चौदा व मुलास अठरा, असे ठरविले. तेव्हाही धर्मसंकटाची तीच भाषा पुन्हा ऐकू आली.

या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्याने बिलाच्या बाजूचे किती आणि विरुद्ध किती, एवढीच मोजदाद केल्यास तो त्या वादातील घोषणांनाच प्रमाण मानील. दोन तट हे १८९१ च्या लोकमताचे मूळ स्वरूप नव्हते. ते त्या लोकमताचे झालेले रूपांतर होते. श्रद्धा आणि स्वाभिमान या खऱ्या, सखोल भावना आहेत. म्हणूनच त्यांच्या नावाने उच्चारलेला शब्द इतका परिणाम करतो. परंतु जेव्हा 'तुझे म्हणणे काय' याऐवजी 'तू कोणाचा' असे विचारले जाऊ लागते, तेव्हा मतांची मोजणी शक्य असली, तरी मतांचा विचार संपलेला असतो. वर्तमानपत्रांच्या जुन्या फायली चाळताना ही सीमारेषा कोणत्या आठवड्यात, कोणत्या शब्दाने ओलांडली गेली, हे शोधणे अधिक फलदायी ठरेल. त्या शोधात फुलमणी दासीचे नाव शेवटचे कोणत्या स्तंभात आले, हेही पाहावे लागेल.