मार्लवाईची पाटी आणि जोडेघाटचे दालन

आदिलाबाद जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपल्या मराठी घरांत इतिहासाची गोष्ट निघाली की ती बहुधा १९५६ पाशी येऊन थांबते. त्या वर्षीच्या राज्यपुनर्रचनेत किनवट नांदेडकडे गेले, राजुरा पुढे चांद्यास जोडले गेले आणि आपण आंध्र प्रदेशात राहिलो, ही हकिगत घरोघरी ठाऊक आहे. त्याआधी तेरा वर्षे याच मुलखात आपल्या लिपीने एक मोठे काम केले होते. त्याची आठवण मात्र आपल्यापैकी फार थोड्यांस असेल. आज ती काढण्यास एक निमित्त आहे.

१९४० साली जोडेघाटच्या डोंगरात कुमरम भीम आपल्या सोबत्यांसह निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. एवढा असंतोष का माजला, याचा शोध घेण्याचे काम हैदराबाद सरकारने ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाकडे सोपविले. पत्नी बेटी यांच्यासह ते मार्लवाई या गोंड वस्तीत राहिले. हाती आलेले उत्तर साधे होते. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन कागदावर गोंडांची नव्हती, आणि कागद वाचणारा त्यांच्यात कोणी नव्हता. म्हणून १९४३ मध्ये मार्लवाईस शिक्षक-प्रशिक्षण केंद्र उघडण्यात आले. मराठीची थोडीफार अक्षरओळख असलेल्या मोजक्या गोंड तरुणांपासून प्रारंभ झाला आणि मुलांसाठी गोंडी भाषेतील वाचनपुस्तके देवनागरीत तयार झाली. हैदराबादच्या प्रशासकीय सेवेतील आपले इतिहासकार सेतुमाधवराव पगडी हेही या कामाशी जवळून संबंधित होते. आदिलाबादच्या गोंडांवर त्यांनी ग्रंथ लिहिला आणि गोंडी व कोलामी या भाषांची व्याकरणे सिद्ध केली.

आता निमित्त सांगतो. जोडेघाट येथे २०१६ पासून कुमरम भीमांचे स्मारक व आदिवासी संग्रहालय उभे आहे. त्याच वर्षीच्या जिल्हा-विभाजनानंतर जोडेघाट आणि मार्लवाई ही दोन्ही गावे कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात गेली. उटनूर, इंद्रवेल्ली, केसलापूर आदिलाबादेतच राहिली. या दोन्ही जिल्ह्यांतील आश्रमशाळांत गोंड, कोलाम, परधान घरांतील किशोरवयीन मुलेमुली शिकतात. कित्येक जण घरातील पहिलेच शिकणारे असतात. घरची बोली एक, शाळेची तेलुगू, बाजारात मराठी आणि पुढच्या वर्गांत इंग्रजी, अशा चार उंबरठ्यांवर ही मुले रोज अडखळतात. कोणी शेतीच्या हंगामात घरी जातो तो परतत नाही. कोणा मुलीच्या लग्नाची बोलणी शाळा संपण्याआधीच सुरू होतात. अशा मुलांना संग्रहालयाचा काय उपयोग, असा प्रश्न कोणी केल्यास आम्ही त्याला स्वतः भीमांच्याच किशोरवयाकडे पाहावयास सांगू. लोकस्मृतीनुसार वनखात्याच्या माणसांशी झालेल्या तंट्यात त्यांचे वडील मारले गेले, कुटुंबाला गाव सोडावे लागले, आणि पुढे परागंदा अवस्थेत चांद्याच्या एका छापखानेवाल्याच्या आश्रयाने या तरुणाने अक्षरे गिरविली. ज्याचा पुतळा मुले पाहतात, तोही एके काळी त्यांच्यासारखाच होता.

पण शाळेची सहल म्हणजे काय, हे आपण सारे जाणतो. रांग, ‘हात लावू नका’ची ताकीद, पाट्यांवरची नावे वहीत उतरविणे आणि परतीची घाई. एवढ्याने काही साधत नाही. कार्यक्रमाची आखणी करावयाची, तर तिचे धडे मार्लवाईतच सापडतात, असे आम्हांस वाटते.

पहिला धडा असा की, शिकविणारा मुलांच्या माणसांतला असावा. परधान हे गोंडांचे परंपरागत कथेकरी. किकरीच्या सुरांवर ते कुळांची कथा गातात. दालनात प्रथम त्यांचा आवाज घुमावा. मार्गदर्शकाचे भाषण मागाहून. दुसरा धडा असा की, प्रारंभ परिचितापासून व्हावा. दंडारीतील गुसाडीचा मोरपिसांचा टोप काचेआड पाहिला की मुले गप्प होतात. तो कसा बांधतात हे विचारले, तर तीच मुले बोलू लागतात. तिसरा धडा सातत्याचा. एका दिवशी दोनशे मुले आणण्यापेक्षा पंधरा-वीस मुलांचा एकच गट वर्षातून सहा-सात वेळा यावा, आणि त्याच्याशी बोलणारे माणूसही तेच असावे. ज्यांच्या आयुष्यात माणसे सारखी बदलत असतात, त्यांना ओळखीचा चेहरा हाच मोठा आधार असतो. चौथी गोष्ट पथ्याची आहे. पाहुण्यांपुढे मुलांना नाचावयास लावू नये, घरची दुःखे सांगण्याचा आग्रह धरू नये, आणि गोळीबाराच्या प्रसंगापासून कथा सुरू करू नये. आधी जगण्याची कथा, मग मरणाची. आणि त्या दिवशी मुलांना घाईने बसमध्ये न बसविता बोलावयास वेळ द्यावा. आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेने २०२२ मध्ये प्राग येथे संग्रहालयाची नवी व्याख्या स्वीकारली, तीतही समाजाचा सहभाग हा संग्रहालयाच्या कार्याचा भाग मानला आहे.

आता जो मुद्दा आहे, तो आपल्याला अवघड वाटेल. जमीन हा या संग्रहालयाचा गाभा आहे. आज ना उद्या एखादी मुलगी विचारील, ‘आमच्या पणजोबांचे शेत कोणाकडे गेले?’ हायमेनडॉर्फ यांनी आपल्या ग्रंथांत बाहेरून आलेल्या वसाहतकऱ्यांचा उल्लेख केला आहे, आणि त्यांत मराठी घरेही आहेत. आदिवासींच्या जमिनी परक्या हाती जाऊ नयेत म्हणून १९५९ चा विनियम झाला, तो १९७० मध्ये अधिक कडक करावा लागला. तरीही २० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्लीस गोंडांच्या मेळाव्यावर गोळीबार झाला. सरकारी आकडा तेरा मृत्यूंचा आहे, लोक त्याहून अधिक सांगतात. आपल्यापैकी काहींच्या पूर्वजांनी रीतसर मोल देऊन, घाम गाळून शेती केली. काहींचे व्यवहार तितके निर्मळ नव्हते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एक सांगून दुसरी झाकली, तर तो इतिहास न राहता वकिली होईल.

म्हणून आमची सूचना अशी आहे. आपल्या पेट्यांत फारसी-उर्दू-मोडीतील सेतवार, पावत्या आणि खरेदीखते पडून आहेत. त्यांच्या प्रती, निवड न करता, या कार्यक्रमासाठी द्याव्यात. मुलांनी त्या आपल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणींशेजारी ठेवून वाचाव्यात आणि प्रत्येक कागदाखालची पाटी स्वतःच्या बोलीत लिहावी. लिपीचा आग्रह नको. नारनूर मंडळातील गुंजाळा गावी २००६ मध्ये गोंडीच्या स्वतंत्र लिपीतील हस्तलिखिते प्रकाशात आली आणि २०१८ मध्ये त्या लिपीस संगणकाच्या युनिकोडमध्ये स्थान मिळाले. आता गोंडीला आपल्या अक्षरांची उसनवारी करण्याची गरज उरलेली नाही, याचा आपण आनंदच मानावा.

१९४३ साली आपल्या लिपीने या मुलांच्या पणजोबांना कागद वाचावयास शिकविले. आज त्यांच्या पणतवंडांपुढे आपले कागद उघडे करणे, हा त्याच धड्याचा राहिलेला भाग आहे. त्या पाटीवर आपल्याविषयी काय लिहिले जाईल, ते आपण ठरवू शकत नाही. तिच्यासाठी कागद द्यावयाचा की नाही, एवढे मात्र आपल्या हाती आहे.