स्तनाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रिया : अनुभवापासून पुराव्यापर्यंत

दहाव्या शतकाच्या अखेरीस कॉर्डोबाजवळच्या मदीनत-अझ-झहरा या नगरीतील अबुल कासिम अल-झहरावी यांनी ‘अत्-तसरीफ’ हा तीस खंडांचा वैद्यकीय ग्रंथ सिद्ध केला. त्याचा अखेरचा खंड शस्त्रक्रियेवर असून त्यात स्तनाच्या कर्करोगाचीही चर्चा आहे. गाठ नवी व लहान असेल आणि समूळ काढता येण्याजोग्या जागी असेल तर ती कापून काढावी. जुनी व मोठी झाली असेल तर तिच्या वाटेस जाऊ नये, असे ते सांगतात. त्याचबरोबर ते एक कबुलीही देतात. अशा जुन्या गाठीचा एकही रुग्ण त्यांच्या हातून बरा झाला नाही आणि दुसऱ्या कोणाच्या हातून बरा झालेला त्यांच्या पाहण्यात आला नाही. बाराव्या शतकात क्रेमोनाच्या जेरार्डने तोलेदो येथे या खंडाचा लॅटिन अनुवाद केला आणि पुढे कित्येक पिढ्या युरोपातील शल्यचिकित्सक तो अभ्यासत राहिले.

शस्त्रक्रिया कशी करावी हे सांगणारे ग्रंथ पुष्कळ आहेत. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाचे पुढे काय झाले, हे सांगणारे फार थोडे. स्तनाच्या कर्करोगावरील उपचारांचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास हा मुख्यतः या दुसऱ्या प्रश्नाचा इतिहास आहे. प्रस्तुत लेखात त्यातील प्रमुख टप्प्यांचा आढावा घेतला आहे.

हॉलस्टेड यांची मूलगामी शस्त्रक्रिया

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपात स्तन कापण्याची शस्त्रक्रिया शुद्धीवर असलेल्या रुग्णावरच होत असे. इंग्रज लेखिका फॅनी बर्नी यांनी १८११ मध्ये पॅरिसला अशी शस्त्रक्रिया सोसली आणि बहिणीला लिहिलेल्या पत्रात तिचे सविस्तर वर्णन करून ठेवले. १८४६ मध्ये भूल देण्यासाठी ईथरचा वापर सुरू झाला. १८६७ मध्ये जोसेफ लिस्टर यांनी जंतुनाशक पद्धत मांडली. वेदना आणि जखम चिघळणे हे दोन अडथळे दूर झाल्यावर शल्यचिकित्सकांना अधिक वेळ घेऊन अधिक खोलवर जाणे शक्य झाले.

या शक्यतेचा पुरेपूर उपयोग बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील विल्यम हॉलस्टेड यांनी केला. कर्करोग मूळ गाठीपासून क्रमाक्रमाने बाहेर पसरतो, आधी जवळच्या ऊतींत, मग काखेतील लसीका ग्रंथींत आणि त्यानंतर शरीरात इतरत्र, अशी त्यांची धारणा होती. त्यामुळे ते स्तन, त्याखालील छातीचा मोठा स्नायू आणि काखेतील ग्रंथी हे सर्व एकसंध काढून टाकत. १८९४ मध्ये त्यांनी ५० रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांपैकी केवळ ३ जणींत शस्त्रक्रियेच्या जागी रोग पुन्हा उद्भवला होता. युरोपातील नामांकित शल्यचिकित्सकांच्या रुग्णांत हेच प्रमाण निम्म्याहून अधिक होते. या आकड्यांचा प्रभाव इतका पडला की पुढील सुमारे आठ दशके ‘रॅडिकल मास्टेक्टॉमी’ हाच अमेरिकेत प्रमाण उपचार मानला गेला.

तिची किंमत मात्र रुग्ण मोजत होत्या. छाती खोलगट होई, खांद्याची हालचाल मर्यादित होई आणि अनेकींचा हात कायमचा सुजून राही. या सुजेवर खुद्द हॉलस्टेड यांनीच १९२१ मध्ये निबंध लिहिला होता. शिवाय त्यांनी १९०७ मध्ये मांडलेल्या निष्कर्षांतून असे दिसत होते, की काखेतील ग्रंथींपर्यंत रोग न पोहोचलेल्या स्त्रिया अधिक जगत आणि पोहोचलेल्या स्त्रियांपैकी बहुतेक दगावत. म्हणजे परिणाम ठरत होता तो रोग आधीच किती पसरला होता यावर. चाकू किती खोल गेला याचा त्याच्याशी संबंध थोडा होता. तरीही या आकड्यांचा अर्थ ‘आणखी अधिक कापले पाहिजे’ असाच लावला गेला. काही शल्यचिकित्सक तर पुढे बरगड्यांच्या आतील ग्रंथीही काढू लागले.

तुलना कोणाची कोणाशी?

हॉलस्टेड यांचे आकडे खोटे नव्हते. उणीव तुलनेत होती. निवडक गुणांचे विद्यार्थी घेणाऱ्या महाविद्यालयाचा निकाल सरसकट प्रवेश देणाऱ्या महाविद्यालयापेक्षा चांगला लागला, तर त्यावरून अध्यापनाची गुणवत्ता सिद्ध होत नाही. त्याचप्रमाणे एका शल्यचिकित्सकाच्या रुग्णांची दुसऱ्याच्या रुग्णांशी तुलना करून शस्त्रक्रियेचे श्रेष्ठत्व सिद्ध होत नाही. शस्त्रक्रियेसाठी कोणाला निवडले आणि रोग कोणत्या अवस्थेत होता, यावर सारे अवलंबून असते. त्यातच हॉलस्टेड यांचा यशाचा मापदंड ‘त्या जागी रोग परत आला का’ हा होता. ‘रुग्ण जगली का’ हा प्रश्न त्याहून वेगळा आहे.

शंका घेणारे नव्हते असे नाही. लंडनचे जेफ्री केन्स यांनी १९२० च्या दशकात स्तन न काढता रेडियमच्या सुया वापरून उपचार केले. एडिंबरोच्या रॉबर्ट मॅकव्हर्टर यांनी १९४८ मध्ये साधी स्तनशस्त्रक्रिया व किरणोपचार यांचा मार्ग मांडला. क्लीव्हलँडचे जॉर्ज क्राइल धाकटे यांनी १९५० च्या दशकात मूलगामी शस्त्रक्रियेवर उघड टीका केली. पण यांतील प्रत्येकाचा आधार शेवटी स्वतःचा अनुभव हाच होता आणि एका अनुभवाला दुसरा अनुभव खोडू शकत नव्हता.

याच १९४८ साली ब्रिटनमध्ये क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी प्रसिद्ध झाली. कोणत्या रुग्णाला कोणता उपचार मिळावा हे तीत डॉक्टरच्या मर्जीवर न सोडता यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरवले गेले. अशा वाटणीमुळे दोन्ही गट इतर बाबतींत सारखे राहतात आणि पुढे दिसणारा फरक उपचाराचाच आहे असे म्हणता येते. हीच पद्धत शस्त्रक्रियेला लावण्यास मात्र शल्यचिकित्सक सहजासहजी तयार नव्हते. कारण रुग्णासमोर ‘कोणता उपाय चांगला हे ठाऊक नाही’ अशी कबुली द्यावी लागणार होती.

पिट्सबर्ग आणि मिलान

ही कबुली देण्याचे धैर्य दाखवणाऱ्यांत पिट्सबर्गचे बर्नार्ड फिशर आणि मिलानचे उंबेर्तो वेरोनेसी हे अग्रणी होत. कर्करोगाच्या पेशी सुरुवातीपासूनच रक्तावाटे शरीरभर जाऊ शकतात, त्या ठराविक क्रमाने पसरतात असे नाही, असे फिशर यांचे प्रयोगांवर आधारलेले मत होते. ते खरे असेल तर अधिक कापल्याने अधिक आयुष्य मिळणार नव्हते.

१९७१ मध्ये फिशर यांच्या नेतृत्वाखाली अमेरिका व कॅनडातील रुग्णालयांत १,६६५ स्त्रियांची चाचणी सुरू झाली. काहींवर मूलगामी शस्त्रक्रिया झाली, तर इतरांचा केवळ स्तन काढून छातीचे स्नायू जागीच ठेवण्यात आले. त्यांतील काहींना किरणोपचारही दिले गेले. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पंचवीस वर्षांच्या पाठपुराव्यातही या गटांच्या आयुर्मानात लक्षणीय फरक आढळला नाही.

वेरोनेसी यांनी १९७३ ते १९८० या काळात दोन सेंटिमीटरपर्यंतची गाठ असलेल्या ७०१ स्त्रियांची दोन गटांत वाटणी केली. ३४९ जणींवर हॉलस्टेड पद्धतीची शस्त्रक्रिया झाली. ३५२ जणींच्या स्तनाचा केवळ एक भाग काढून किरणोपचार दिले गेले. वीस वर्षांनंतर पहिल्या गटात ८ जणींत, तर दुसऱ्या गटात ३० जणींत रोग त्याच ठिकाणी परत आलेला दिसला. पण सर्व कारणांनी झालेल्या मृत्यूंचे प्रमाण अनुक्रमे ४१.२ टक्के व ४१.७ टक्के, म्हणजे जवळपास सारखेच होते.

१९७६ मध्ये सुरू झालेल्या फिशर यांच्या दुसऱ्या चाचणीने याला दुजोरा दिला आणि एक मर्यादाही स्पष्ट केली. वीस वर्षांनंतर आयुर्मान सर्व गटांत सुमारे ४६ ते ४७ टक्के होते. मात्र केवळ गाठ काढलेल्या स्त्रियांपैकी ३९.२ टक्के जणींच्या त्याच स्तनात रोग उलटला. जोडीला किरणोपचार मिळालेल्यांत हे प्रमाण १४.३ टक्के होते. अधिक कापणे व्यर्थ ठरले, तसेच कमी कापून थांबणेही पुरेसे नाही, हे त्याच पुराव्याने दाखवले.

रुग्णांचा आवाजही या काळात उठला. तोवर भूल देऊन गाठीचा तुकडा तपासायचा आणि कर्करोग आढळताच त्याच भुलेत स्तन काढून टाकायचा, अशी रीत होती. शुद्धीवर आल्यावरच स्त्रीला काय झाले ते कळे. १९७४ मध्ये स्वतःला कर्करोग झाल्यावर अमेरिकन पत्रकार रोझ कुशनर यांनी या रीतीविरुद्ध मोहीम उघडली. १९७९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या परिषदेने मूलगामी शस्त्रक्रिया प्रमाण उपचार म्हणून मानण्याचे सोडले. १९९० मध्ये प्रारंभिक अवस्थेसाठी स्तनरक्षक उपचार अधिक इष्ट ठरवला गेला.

विश्वासाची परीक्षा

१९९४ मध्ये या संशोधनावर मोठे संकट आले. फिशर यांच्या चाचणीत सहभागी असलेल्या मॉन्ट्रियलच्या एका शल्यचिकित्सकाने काही रुग्ण चाचणीच्या अटींत बसावेत म्हणून नोंदी बदलल्याचे वृत्तपत्रातून उघड झाले. स्तन वाचवण्याचा निर्णय घेतलेल्या असंख्य स्त्रिया धास्तावल्या. फिशर यांना प्रमुखपद सोडावे लागले. १९९५ मध्ये ती सर्व माहिती वगळून पुन्हा गणित केले गेले, तेव्हा निष्कर्ष तोच निघाला. १९९७ मध्ये विद्यापीठाने फिशर यांची क्षमा मागितली. एकाच्या खोटेपणाने निष्कर्ष कोसळला नाही, याचे कारण तो अनेक केंद्रांच्या नोंदींवर उभा होता आणि मिलानच्या स्वतंत्र चाचणीचाही त्याला आधार होता.

मुंबईतील संशोधन

या परंपरेत मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाचे कार्य विशेष उल्लेखनीय आहे. भारतात अनेक स्त्रिया रोग बराच पसरल्यावर उपचारास येतात. रोग इतर अवयवांत गेल्यावरही मूळ गाठ काढावी का, या प्रश्नावर डॉ. राजेंद्र बडवे व सहकाऱ्यांनी २००५ ते २०१३ या काळात ३५० स्त्रियांची चाचणी घेतली. शस्त्रक्रिया झालेल्यांचे मध्यक आयुर्मान १९.२ महिने, तर न झालेल्यांचे २०.५ महिने आढळले. तुर्कस्तानातील अशाच चाचणीत दीर्घ पाठपुराव्यानंतर काही लाभ दिसला. अमेरिकेतील चाचणीच्या २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनी मात्र मुंबईच्या बाजूने कौल दिला.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात भारतातील ११ केंद्रांवरील सुमारे १,६०० स्त्रियांचा समावेश होता. शस्त्रक्रियेच्या काही मिनिटे आधी गाठीभोवती लिडोकेन हे स्वस्त बधिरीकरणाचे औषध टोचल्यास पाच वर्षांनंतरचे जीवित राहण्याचे प्रमाण ९०.१ टक्के, तर न टोचल्यास ८६.४ टक्के आढळले.

समारोप

पुरावा हाती असणे आणि तो रुग्णापर्यंत पोहोचणे यांत अजूनही अंतर आहे. स्तन वाचवायचा तर किरणोपचार आवश्यक ठरतात, आणि ते केंद्र जिल्ह्याच्या ठिकाणीही नसेल तर पाच आठवडे शहरात राहणे मजुरी बुडणाऱ्या कुटुंबास परवडत नाही. त्यामुळे भारतात अनेकींचा स्तन जातो तो रोगामुळे नव्हे, तर अंतरामुळे. ब्रिटनमधील ४,०९६ रुग्णांच्या चाचणीने २०२० मध्ये दाखवले, की किरणोपचार एका आठवड्यातील पाच मात्रांतही तितक्याच परिणामकारकपणे देता येतात. या निष्कर्षाचा खरा लाभ अशा कुटुंबांनाच होऊ शकतो.

मुंबईत १९९८ मध्ये सुरू झालेल्या आणि २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३५ ते ६४ वयोगटातील दीड लाखांहून अधिक स्त्रियांचा समावेश होता. त्यांपैकी निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी करीत. तेथे रोग आधीच्या अवस्थेत सापडू लागला आणि पन्नाशीवरील स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. त्याखालील वयात मृत्यूंत अशी घट आढळली नाही, हेही संशोधकांनी तितक्याच स्पष्टपणे नोंदवले. अल-झहरावी यांनी गाठ ‘नवी व लहान’ असण्याची अट घातली होती. ती पुरी होण्यासाठी यंत्राआधी गरज आहे ती प्रशिक्षित हाताची, घरातल्या स्त्रीने संकोच सोडून वेळीच सांगण्याची, आणि तिचे सांगणे ऐकून घेणाऱ्या घराची.