मारिमो (शेवाळगोळा)

घरगुती फिश टँकमध्ये शोभेसाठी ठेवले जाणारे गोलाकार हरित शैवल. शास्त्रीय नाव एगॅग्रोपिला लिनीआय. बाजारात ‘मॉस बॉल’ म्हणून विकले जात असले तरी ते मॉस नव्हे. जपानमधील होक्काइडो बेटावरच्या आकान सरोवरातील मारिमो विशेष प्रसिद्ध असून 1921 पासून त्यांना नैसर्गिक स्मारक म्हणून संरक्षण आहे.

वाढ अतिशय मंद, वर्षाला सुमारे 5 मिमी. त्यामुळे नवा गोळा हवा असल्यास जुना विभागणे हाच व्यवहार्य मार्ग. गोळा स्वच्छ पाण्यात हलक्या हाताने पिळावा, बोटांनी अलगद उकलावा. प्रत्येक तुकडा तळहातावर वळून सुती दोऱ्याने सैलसर गुंडाळावा आणि अधूनमधून फिरवत राहावा, म्हणजे सर्व बाजूंना उजेड मिळतो. विभागण्याआधी गोळा खरा असल्याची खात्री करावी, कारण काही विक्रेते कृत्रिम गोळ्यावर जावा मॉस गुंडाळून तो मारिमो म्हणून विकतात. असा गोळा दाबताच आतला कठीण गाभा हाताला लागतो.

थंड पाण्याच्या या शैवलाला 25 अंश सेल्सिअसपर्यंतचे तापमान मानवते. नवी मुंबईत, बोनकोडे-कोपरखैरणे परिसरातील घरांत, एप्रिल-मे महिन्यांत हीच खरी अडचण ठरते. तेव्हा टँक खिडकीपासून दूर ठेवावा आणि विभागणी हिवाळ्यातच करावी. नळाचे पाणी रात्रभर उघडे ठेवून वापरावे.

2021 मध्ये अमेरिकेत आयात गोळ्यांतून उपद्रवी झेब्रा शिंपले आढळले होते. म्हणून टाकाऊ गोळे वा टँकचे पाणी तलावात किंवा खाडीत सोडू नये.