कप्तानाची परीक्षा



वैद्यास, वकिलास किंवा शिक्षकास परीक्षा असावी, यांत आज कोणासहि नवल वाटत नाहीं. परंतु शेंकडों माणसांचे प्राण ज्याच्या हातीं सोंपवावयाचे, त्या व्यापारी जहाजाच्या कप्तानास इंग्लंडसारख्या दर्यावर्दी देशांतहि १८५० पर्यंत कायद्यानें कोणतीच परीक्षा द्यावी लागत नसे. मालक ज्यास नेमील तो कप्तान! तो मालकाचा आप्त असो, जुना खलाशी असो, कीं नुसता स्वस्तांत मिळालेला मनुष्य असो.

राजाच्या आरमारांत अशी स्थिति नव्हती. तेथें सॅम्युएल पेपिस यांनीं १६७७ सालींच लेफ्टनंटांस परीक्षा लावून दिली होती. तोफा नेणाऱ्या जहाजाचा अधिकारी कसास लागत होता. माल आणि उतारू नेणारा मात्र लागत नव्हता. कारण उघड आहे. व्यापारी जहाज ही खाजगी मालमत्ता, आणि तिच्यावर कोणास नेमावें हा मालकाचा खाजगी अधिकार, असें मानलें जाई. जहाज बुडालें तर विम्याचे पैसे येत. खलाशी परत येत नसत.

हा प्रश्न पार्लमेंटपुढें आणण्यांत पुढाकार घेणारे गृहस्थ आपल्या देशास अपरिचित नव्हते. कलकत्त्याच्या वृत्तपत्रांत सरकारवर टीका केली म्हणून १८२३ सालीं कंपनी सरकारनें ज्यांना हिंदुस्थानांतून हद्दपार केलें, तेच हे जेम्स सिल्क बकिंगहॅम. त्यांचें तारुण्य समुद्रावर गेलें होतें. १८३६ सालीं त्यांच्या अध्यक्षतेखालीं बसलेल्या समितीनें जहाजें कां फुटतात याची चौकशी केली, आणि वादळें व खडक यांच्या जोडीस दोन मानवी कारणें स्पष्ट सांगितलीं: अधिकाऱ्यांचें अज्ञान आणि त्यांचें मद्यपान. समितीच्या शिफारशी त्या वेळीं बाजूस पडल्या. पुढें १८४३ सालीं परराष्ट्रखात्यांतील जेम्स मरे यांनीं परदेशच्या बंदरांतील ब्रिटिश वकिलांना पत्रें पाठवून आपले कप्तान कसे वागतात हें विचारलें. आलेलीं उत्तरें देशाच्या अभिमानास खालीं मान घालावयास लावणारीं होतीं.

तेव्हां कोठें सरकार हललें. १८४५ पासून ऐच्छिक परीक्षा सुरू झाली, आणि १८५० च्या कायद्यानें परदेशीं जाणाऱ्या जहाजांच्या कप्तानांस व मालमांस दाखला सक्तीचा झाला. आधींपासून काम करीत असलेल्या लोकांची रोजी एकदम बुडूं नये म्हणून त्यांना परीक्षेवांचून ‘सेवेचा दाखला’ देण्यांत आला. नव्या लोकांना मात्र ‘योग्यतेचा दाखला’ परीक्षा देऊनच मिळवावा लागे. सुधारणेनें जुन्यांची भाकरी राखून नव्यांची पात्रता वाढवावी, हें धोरण मला शहाणपणाचें वाटतें.

या परीक्षेचें स्वरूप पाहण्यासारखें आहे. भर दुपारच्या सूर्याची उंची मोजून अक्षांश काढावयाचा, क्रॉनॉमीटर घड्याळावरून रेखांश काढावयाचा, हा लेखी भाग. तोंडी भागांत परीक्षक प्रसंग घालून विचारी: वारा अमुक दिशेचा, किनारा जवळ, शीड फाटलें, आतां काय कराल? १८७७ पासून रंग ओळखण्याचीहि परीक्षा आली, कारण रात्रीं समोरच्या जहाजाचा तांबडा दिवा कोणता व हिरवा कोणता हें ज्याला कळत नाहीं, त्याची बाकीची विद्या व्यर्थ होय. शिवाय पूर्वीची नोकरी आणि दारूपासून अलिप्तपणा यांचीं प्रमाणपत्रें आणावीं लागत.

पुढें थोर कादंबरीकार म्हणून नांवाजलेले जोसेफ कॉनरॅड या चाळणींतून गेले. १८८४ सालीं ते मुंबईहून ‘नार्सिसस’ जहाजावर दुय्यम मालम म्हणून निघाले. त्याच वर्षीं वरच्या मालमाच्या परीक्षेंत ते प्रथम नापास झाले व नंतर उतरले. कप्तानाच्या परीक्षेंतहि तेंच घडलें. १८८६ च्या नोव्हेंबरांत ते उत्तीर्ण झाले. आपल्या आठवणींत त्यांनीं परीक्षांचें वर्णन केलें, पण नापास झाल्याचें मात्र सांगितलें नाहीं. मुलांच्या परीक्षा घेण्यांत जन्म गेलेल्या मजसारख्याला यांत हंसण्यासारखें कांहीं दिसत नाहीं. जी परीक्षा कोणासच नापास करीत नाहीं, ती पास होण्यांत अर्थ तरी काय?

याहूनहि बोधप्रद उदाहरण टॉमस ब्रॅसी यांचें. रेल्वेच्या कंत्राटांत अफाट पैसा मिळविलेल्या पित्याचे हे पुत्र, पार्लमेंटचे सभासद, आणि ‘सनबीम’ या यॉटचे, म्हणजे हौशी विहारनौकेचे, मालक. स्वतःच्या नौकेवर कप्तानकी करण्यास कायदा त्यांच्याकडे कसलाहि दाखला मागत नव्हता. दहा कप्तान पदरीं ठेवण्याची त्यांची ऐपत होती. तरीहि त्यांनीं व्यापारखात्याची परीक्षा देऊन कप्तानाचा दाखला मिळविला, आणि १८७६–७७ सालीं याच नौकेंतून सहकुटुंब पृथ्वीप्रदक्षिणा केली. धनानें नौका विकत घेतां येते, ती चालविण्याचें ज्ञान घेतां येत नाहीं, हें त्यांना कळलें होतें. पुढें पहिल्या महायुद्धाच्या काळांत, १९१६ सालीं, त्यांनीं ‘सनबीम’ हिंदुस्थान सरकारला देऊन टाकली. ब्रिटनमध्यें लहान खाजगी विहारनौकेच्या मालकास परीक्षेची सक्ति आजहि नाहीं. तरी अनेकजण ती आपखुषीनें देतात.

परंतु दाखल्याची मर्यादाहि सांगितली पाहिजे. १८८० सालीं ‘जेद्दा’ नांवाची आगबोट सुमारें साडेनऊशें हज यात्रेकरूंना घेऊन पेनांगहून निघाली. वादळांत ती बुडणार असें समजून कप्तान क्लार्क व त्याचे गोरे अधिकारी यात्रेकरूंना तसेंच टाकून होडींतून निघून गेले, आणि एडनला पोंचून बोट बुडाली असें त्यांनीं सांगितलें. थोड्याच अवधींत दुसऱ्या बोटीनें ‘जेद्दा’ ओढून सुखरूप त्याच बंदरांत आणली! एडन त्या वेळीं मुंबई इलाख्याच्या कारभाराखालीं होतें. तेथें चौकशी होऊन क्लार्कचा दाखला तीन वर्षें तहकूब झाला. शिक्षा सौम्य खरीच. ज्ञानाची परीक्षा झाली होती, धैर्याची झाली नव्हती. ती घेणारा परीक्षक समुद्रच. पण दाखला नसता तर काढून काय घेतलें असतें? जो परत घेतां येतो, तोच दाखला जबाबदारीची आठवण देतो.

आपल्या कोंकणच्या दर्यावर्दींनीं विलायती आगबोटींवर सारंग, तांडेल म्हणून पिढ्यान् पिढ्या काम केलें. अधिकाऱ्याची जागा मात्र क्वचितच त्यांच्या वांट्यास आली. १९२७ सालीं मुंबई बंदरांत ‘डफरिन’ ही शिक्षणनौका सुरू झाली, आणि हिंदी तरुणांस त्या जागेची वाट उघडली. परीक्षेचा हाहि एक गुण आहे: उत्तरपत्रिका बरोबर असेल तर कातडीचा रंग विचारण्यास जागा उरत नाहीं, निदान उरूं नये.

१९७८ च्या आंतरराष्ट्रीय करारानें या दाखल्यांचें किमान मान सर्व देशांपुरतें ठरविलें आहे. बोटीवर पाय ठेवतांना कप्तानाच्या भिंतीवरील तो कागद आपण पाहत नाहीं. परंतु त्याची प्रत्येक ओळ कोणत्या तरी बुडालेल्या जहाजानें लिहविली आहे, हें आपण विसरूं नये.