जगणे, जागणे, जगवणे

टॉलस्टॉयची ‘इव्हान इलिचचा मृत्यू’ ही दीर्घकथा 1886 साली प्रसिद्ध झाली. तिचा नायक न्यायखात्यातला बडा अधिकारी. घर नीटनेटकं, चारचौघांत मान. नव्या घरात पडदे कसे लावायचे ते दाखवताना तो शिडीवरून घसरतो, कुशीला मार लागतो आणि पुढे त्याचं दुखणं बळावतच जातं. आपण मरणार हे कळू लागल्यावर त्याला पूर्वी शिकलेल्या तर्कशास्त्रातलं उदाहरण आठवतं: माणसं मर्त्य असतात, कायस हा माणूस आहे, म्हणून कायस मर्त्य आहे. कायसपुरतं त्याला हे बिनतोड वाटतं. स्वतःपुरतं ते काही केल्या पटत नाही.

माझी एक विद्यार्थिनी एका वर्षी मृत्यूविषयीचं आणि भरभरून जगण्याविषयीचं साहित्य वाचत होती आणि वाचलेल्याला आपला प्रतिसाद वहीत लिहीत होती. या कथेखाली तिने लिहिलं होतं की ‘मर्त्य’ हा शब्द आपण कायम दुसऱ्यासाठी राखून ठेवतो. स्वतःसाठी वापरता येईल असा शब्द मराठीत आहे का? मला तो प्रश्न फार मोलाचा वाटला. त्याचं उत्तर शोधायचं तर आधी ‘मर्त्य’ या शब्दाचीच कुळकथा पाहायला हवी.

संस्कृत ‘मृ’ धातू म्हणजे मरणे. मृत, मृत्यू, मरण, मर्त्य, अमर ही त्याची ओळखीची लेकरं. ‘अमृत’ही त्यातलंच: जे मेलेलं नाही, जिथे मरण नाही ते. ग्रीकांच्या देवांचं अन्न ‘अम्ब्रोसिया’, त्याची घडण अगदी हीच. लॅटिनमधला ‘मॉर्स’, त्यावरून इंग्रजीत आलेला ‘मॉर्टल’, जर्मानिक वाटेने आलेला ‘मर्डर’ आणि टॉलस्टॉयच्या कथेच्या मूळ नावातला पहिला शब्द ‘स्म्येर्त’ या सगळ्यांचं मूळ एकच आहे. भारतात, इराणात आणि ग्रीसमध्ये माणसांनी स्वतःला नाव दिलं ते मरणावरून. वेदांत माणूस ‘मर्त्य’, होमरच्या ग्रीकमध्ये ‘ब्रोतोस’, आणि सम्राट डॅरियसने इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात बेहिस्तूनच्या कड्यावर कोरवलेल्या लेखात ‘मर्तिय’. देव आणि माणूस यांच्यातला फरक सांगायला त्या लोकांना एवढा एकच गुण पुरेसा वाटला.

तो ‘मर्तिय’ पुढे फारसीत ‘मर्द’ झाला आणि फारसीबरोबर मराठीत आला. मर्द गडी, मर्दुमकी, मर्दानी खेळ. शौर्याची ग्वाही म्हणून आपण जो शब्द छाती काढून उच्चारतो, त्याचा मूळ अर्थ ‘मरणारा’ एवढाच आहे. फारसीतला ‘मुर्दा’, म्हणजे आपला ‘मुडदा’, हा त्याचा सख्खा भाऊ. मला या नात्यात खोल अर्थ दिसतो. ज्याला मरण नाही त्याला शूर होताच येत नाही. गमावण्यासारखं काही असेल तरच धाडसाला किंमत येते, म्हणून मर्दपण हा मर्त्याचाच अधिकार आहे.

आता मराठी बोलीकडे येऊ. एखादा माणूस गेला की आपण ‘मेला’ म्हणत नाही. तो वारला, निवर्तला, त्याला देवाज्ञा झाली. पत्रिकेत तो कैलासवासी, वैकुंठवासी, पैगंबरवासी किंवा ख्रिस्तवासी होतो. घरातलं कुणी असेल तर नुसतं ‘गेले’. मग ‘मेला’ हा शब्द कुठे गेला? तो जिवंतांच्या वाट्याला आला. ‘मेल्या, कुठं होतास इतका वेळ?’ असं आजी विचारते तेव्हा नातू समोर धडधाकट उभा असतो. ‘मेलं ते डोकं दुखतंय’, ‘मेली आठवणच राहात नाही’, ‘तुझा मुडदा बशिवला’ या सगळ्यांत राग असेल तर तो मायेत भिजलेला आहे. आणि त्याच तोंडांतून निघतं, ‘मेले गं बाई कामानं!’, ‘उन्हात चालून चालून मेलो!’ माझ्या विद्यार्थिनीला हवा होता तो प्रथमपुरुष इथे आहे. मराठी माणूस दिवसातून दहा वेळा ‘मी मेलो’ म्हणतो, पुढच्या वाक्यात चहा मागतो आणि कामाला लागतो. इव्हान इलिचला जे वाक्य उच्चारता आलं नाही ते आपल्या बायाबापड्यांच्या तोंडी रुळलेलं आहे. त्यांनी मरणाला रोजच्या व्यवहारात मुरवून घेतलं आहे.

मरण असं माहितीचं झालं की उरतो प्रश्न जगण्याचा. ते मोजायला आपल्याकडे दोन शब्द आहेत, ‘आयुष्य’ आणि ‘वय’. आज दोन्ही शब्द वर्षांचा आकडा सांगतात. पूर्वी तसं नव्हतं. वेदांतला ‘आयुस्’ म्हणजे प्राणशक्ती, आणि ‘वयस्’ म्हणजे जोम, बळ. तौलनिक भाषाशास्त्र आणखी एक सुंदर गोष्ट दाखवतं: ‘युवन्’, म्हणजे युवा, हा शब्द ‘आयुस्’च्याच मुळातून आला आहे. ज्याच्यात आयु आहे तो युवा. त्या दृष्टीने पाहिलं तर खेड्यातली म्हातारी पाया पडणाऱ्याला ‘औक्षवंत हो’ म्हणते तेव्हा ती त्याला नुसती वर्षं देत नाही. ‘औक्ष’ हे ‘आयुष्य’चं घरगुती रूप, आणि त्यात ती जुनी प्राणशक्ती अजून शिल्लक आहे.

ही गोष्ट वर्गात सांगितली तेव्हा त्या मुलीने ज्ञानेश्वरांविषयी नोंद लिहून आणली. 1290 साली नेवाशात ज्ञानेश्वरी सांगणाऱ्या त्या तरुणाने 1296 साली कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीला समाधी घेतली. परंपरेच्या हिशोबाने वय अवघं एकवीस, म्हणजे तिच्याच बरोबरीचं. तिने लिहिलं होतं की वर्षांच्या मापाने हे आयुष्य अपुरं म्हणावं लागेल, पण ‘अपुरं’ हा शब्द ज्ञानेश्वरांच्या बाबतीत कुणाच्याच तोंडी येत नाही. मी तिचं लक्ष मराठीने त्या घटनेला दिलेल्या नावाकडे वेधलं. समाधी, पण कोणती? ‘संजीवन’. ‘सम्’ म्हणजे पूर्णपणे, समग्रपणे. ‘जीव्’ म्हणजे जगणे. देह ठेवण्याच्या क्षणाला आपल्या भाषेने पूर्ण जगण्याचं नाव दिलं. त्यांच्या दुसऱ्या ग्रंथाचं नावही ‘अमृतानुभव’ आहे, हे इथे आठवतं.

‘जीव’ या शब्दाइतका मराठीने लाडका केलेला शब्द क्वचितच सापडेल. हाही फार जुना. ग्रीक ‘बिओस’, म्हणजे बायोलॉजीतला बायो, लॅटिन ‘विवुस’ आणि इंग्रजी ‘क्विक’ हे त्याचे सगेसोयरे. ‘क्विक’चा आजचा अर्थ चपळ, पण जुन्या इंग्रजीत तो ‘जिवंत’ असा होता. नखाखालच्या नाजूक, जिवंत मांसालाही इंग्रजीत ‘क्विक’च म्हणतात. आपल्याकडे त्याच जागेला ‘जिव्हाळी’ म्हणतात. नख जास्त कापलं गेलं की जिव्हाळीला लागतं, बोलणं मर्मी बसलं की ‘जिव्हारी लागतं’, आणि ‘जिव्हाळा’ त्याच घरातला. म्हणजे जिव्हाळा ही नुसती गोड भावना म्हणता येणार नाही. जिथे धक्का लागला तर कळ उठते अशी ती जागा आहे. जिथे दुखू शकतं तिथेच आपण जिवंत असतो.

आता जिवाबरोबर येणारी क्रियापदं पाहा. जीव लावणे, जीव ओतणे, जीव टाकणे, जीव गुंतणे, जीव जडणे. प्रत्येकात जीव आपल्या शरीरातून निघून दुसऱ्या कुणात, दुसऱ्या कशात तरी जातो. ज्याच्याशी तो लागला तो ‘जिवलग’. उलट ‘जीव मुठीत धरून’, ‘जीव वाचवून’, ‘जीव घेऊन’ या प्रयोगांत जीव स्वतःपाशी आवळलेला आहे, आणि तिन्हींत भीती आहे. मौजेसाठीही आपण ‘जिवाची मुंबई’ करतो, हात सैल सोडतो. जीव राखण्यापेक्षा तो कुठेतरी घालण्यात जगण्याचं सार्थक आहे, हे मराठीने वाक्प्रचारांतूनच ठरवून टाकलं आहे.

याच विचाराचा सर्वांत ठाशीव शब्द मला ‘खपणे’ हा वाटतो. माल खपतो, म्हणजे विकला जाऊन संपतो. पटकीच्या साथीत माणसं खपतात, म्हणजे मरतात. आणि शेतकरी शेतात खपतो, आई घरासाठी खपते, म्हणजे राबते. संपणं, मरणं आणि कष्ट करणं या तिन्हींना एकच क्रियापद! मुळाशी आहे संस्कृत ‘क्षि’ धातूचं प्रयोजक रूप ‘क्षपयति’, संपवतो. त्याच धातूच्या ‘क्षीयते’ या रूपातून प्राकृतात ‘झिज्जइ’ आणि मराठीत ‘झिजणे’ आलं. ‘क्षय’ हा शब्दही तिथलाच. ऱ्हास सांगणाऱ्या एका धातूतून मराठीने निरपेक्ष कष्टाचे दोन मोठे शब्द घडवले. आपण सगळेच संपणार आहोत, त्यात निवड नाही. पण कशासाठी खपायचं हे मात्र आपल्या हाती आहे.

टॉलस्टॉयच्या कथेत हे कळलेला एकच माणूस आहे, गेरासिम नावाचा तरुण खेडूत नोकर. मालकाला बरं वाटावं म्हणून तो त्याचे पाय खांद्यावर घेऊन तासन्‌तास बसतो. घरात बाकी सगळे मरणाविषयी खोटं बोलत असताना तो एकटा उघडपणे कबूल करतो की सगळ्यांनाच मरायचं आहे, आणि म्हणूनच दुसऱ्यासाठी थोडे श्रम घ्यायला त्याला जड वाटत नाही. गेरासिमने ‘मर्त्य’ हा शब्द स्वतःला लावून घेतला आहे. त्याचं खपणं त्या स्वीकारातून येतं.

मृत्यूविषयी ज्याने सर्वांत धीट प्रश्न विचारला तो आपल्या परंपरेतला मुलगा म्हणजे कठोपनिषदातला नचिकेता. यज्ञात वडील भाकड गाई दान देताहेत हे पाहून तो विचारतो, मला कुणाला देणार? तीनदा विचारल्यावर वडील चिडून म्हणतात, मृत्यूला. वडिलांशी बोलताना तो माणसाला ‘मर्त्य’च म्हणतो आणि धान्यासारखा तो पिकतो असं सांगतो. यमाच्या दारी तो तीन रात्री उपाशी थांबतो आणि तीन वर मिळवतो. तिसऱ्या वराने तो मरणानंतरचं रहस्य विचारतो. यम त्याला गाई, हत्ती, सोनं आणि हवं तेवढं आयुष्य देऊ करतो. मुलगा नकार देतो. उपदेश करता करता उपनिषद एका जागी आज्ञार्थात बोलतं: उठा, जागे व्हा. मरणाविषयी विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळतं ते जागं होण्याचं.

विद्यार्थिनीची नोंद इथे थोडी रुसलेली होती. यमाने सरळ उत्तर द्यायचं सोडून झोपेची गोष्ट का काढावी, असं तिला वाटलं होतं. मराठीपुरतं तरी याचं उत्तर शब्दकोशात आहे. हिंदीत ‘जीना’, गुजरातीत ‘जीववुं’. दोन्ही ‘जीव’मधून आलेले. मराठीत मात्र रोजचं क्रियापद ‘जगणे’. ते ‘जग’ या शब्दासारखं दिसतं, पण ‘जगत्’ हा ‘गम्’ धातूचा, चालणाऱ्या सृष्टीचा शब्द. ‘जगणे’चं नातं जोडलं जातं ते संस्कृत ‘जागृ’ आणि प्राकृत ‘जग्गइ’ यांच्याशी, म्हणजे जागं असण्याशी. ‘जागणे’ आणि ‘जगणे’ ही एकाच मुळाची जुळी रूपं. पालीतला ‘जग्गति’ या नात्याला बळ देतो. त्याचे अर्थ दोन आहेत: जागं राहणे, आणि राखणे, सांभाळणे, वाढवणे.

हा दुसरा अर्थ मराठीत ‘जगवणे’ या रूपाने आजही चालतो. रोप जगवतात. दुष्काळात चारा-छावणीत गुरं जगवतात. नवरा गेल्यावर एखादी बाई मोलमजुरी करून चार लेकरं जगवते. आणि ‘जागणे’मध्ये निष्ठेचा अर्थ टिकून आहे: शब्दाला जागणे, मिठाला जागणे. कोजागरी हे सणाचं नावही त्याच धातूचं, ‘कोण जागा आहे?’ या प्रश्नाचं.

त्यामुळे ‘भरभरून जगायचं’ म्हणजे काय, असं आज एखादा तरुण विचारतो तेव्हा मी त्याला बाहेरची वचनं शोधायला पाठवत नाही. उत्तर त्याच्या तोंडातल्या क्रियापदातच आहे. डोळे उघडे ठेवणं, दिल्या शब्दाला जागणं, आपल्या हाती सोपवलेल्या कुणाला तरी जगवणं. यातलं प्रत्येक काम मर्त्यालाच करता येतं आणि आजच करता येतं. यमाच्या दारात उभ्या असलेल्या मुलाला मिळालेलं उत्तर त्या अर्थाने अगदी सरळ होतं. मरणाचा विचार ज्याला जागं करतो त्याचं जगणं सुरू झालेलं असतं.